आग्नेय कोपऱ्यातली फरशी

१

चारुभाऊ दाबक्यांचा दिवस घराची खोडी काढण्यानं सुरू होई. लोक उठून देवाला हात जोडतात. हे उठून हातातली काठी भिंतीवर ठोकत, कान लावत आणि विचारत, "काय बे, अजून उभा आहेस?" भिंतीतून रिकाम्या डब्यासारखा आवाज येई, आणि चारुभाऊ खूश होऊन चहाला जात.

घर नवं कोरं होतं. विधानसभा रोडच्या पुढं, जिथं कालपरवापर्यंत धान डोलत होतं, तिथं एकाच साच्यातून काढल्यासारखी डुप्लेक्स घरं उभी राहिली होती. गेटवर सिमेंटचे दोन हत्ती. त्यातल्या एकाची सोंड उद्घाटनाच्या आधीच गळून पडली होती, तरी लोकांनी घरं घेतली. लोक हत्ती पाहतात, सोंड कोण पाहतो! मुलगा सौमित्र नव्या रायपुरातल्या ऑफिसात मोठा साहेब. त्यानं हौसेनं घर घेतलं आणि आईवडिलांना ब्राह्मणपाऱ्याच्या जुन्या मोहल्ल्यातून उचलून इथं आणलं.

चारुभाऊंनी जन्मभर ब्राह्मणपाऱ्यात मांडव आणि भोंग्याचं दुकान चालवलं. शाळा त्यांनी सोडली की शाळेनं त्यांना, याबद्दल पाऱ्यात दोन मतं होती. पण खोड्यांबद्दल एकच मत होतं. गणिताचे मास्तर जिवंत असताना त्यांच्या तेरवीचं आमंत्रण याच माणसानं भोंग्यावरून दिलं होतं, आणि लोक जेवायला गेलेही होते. मास्तरांनीच दार उघडलं.

अशा माणसाला हे घर म्हणजे मेजवानीच. खिळा ठोकावा तर खिळा आत जाई आणि मागोमाग मूठभर वाळू बाहेर येई. बाथरूमचं पाणी जाळीकडं न जाता पाहुण्यासारखं हॉलमध्ये येई. चारुभाऊ दिवसभर काहीबाही बोलत राहत आणि प्रमोदिनीबाई कानावर हात ठेवत.

"वास्तूत असं अभद्र बोलू नये हो. वास्तुपुरुष ऐकते अन् तथास्तु म्हणते."

"म्हणू दे न. बिचाऱ्याले कामधंदा काय आहे दुसरा?"

हे म्हणताना चारुभाऊ गालातल्या गालात हसत. त्यांना एक गोष्ट माहीत होती, जी घरात कोणाला माहीत नव्हती.

वास्तुशांतीच्या दिवशी गुरुजींनी हॉलच्या आग्नेय कोपऱ्यातली फरशी काढायला सांगितली. बिल्डरचा मिस्त्री छिन्नी-हातोडा घेऊन बसला, पण फरशी नखानंच वर आली. खाली सिमेंट नव्हतंच. राख आणि वाळू, तीही खचलेली. हात कोपरापर्यंत सरळ आत. "लो, गड्ढा तो पहले से तैयार है," मिस्त्री म्हणाला, जणू काही ही बिल्डरनं दिलेली जादा सोय होती. वास्तुपुरुषाची बोटाएवढी तांब्याची प्रतिमा डबीत घातली, सोबत सात धान्यं. गुरुजींनी बजावलं, "पालथा ठेवायचा, तोंड भुईकडं." मग गुरुजींची नजर पोथीत गेली, प्रमोदिनीबाईंचे डोळे मिटले, आणि चारुभाऊंच्या हाताला खाज सुटली.

त्यांनी तो उताणा ठेवला. मनात म्हणाले, घे बाबा, तूही पाहून घे, कुठं आणून टाकलं तुले.

डबीचं झाकणही त्यांनी लावलं नाही.

२

पहिल्यांदा आवाज आला तेव्हा सगळे चहा पीत होते.

"सिंकवरची टाईल आज पडते पाहा," चारुभाऊ बशीत चहा ओतत म्हणाले.

टक्.

कोपऱ्यातून. फार मोठा नाही. सुपारी फोडताना होतो तेवढा. चारुभाऊंनी मान वळवली. प्रमोदिनीबाई पोळीवर तूप लावत होत्या, सौमित्र मोबाईलमध्ये होता, सून शर्मिष्ठा पाय वर घेऊन खुर्चीत रेलली होती. तिला सातवा लागला होता. कोणी ऐकलं नाही. दुपारी टाईल पडली.

दुसऱ्या वेळी जिन्याचा कठडा. "हा एक दिवस हातात येते," चारुभाऊ म्हणाले. टक्. दुसऱ्या दिवशी सौमित्र ऑफिसला निघताना खाली आला तो कठड्याचा तुकडा हातात धरूनच, राजदंड धरल्यासारखा. सगळं घर हसलं.

"बाबा, आपकी ज़ुबान काली है," सौमित्र म्हणाला. पोट्ट्याला मराठी सगळं समजायचं, पण उत्तर हिंदीतच यायचं.

चारुभाऊही हसले. पण रात्री पडल्या पडल्या त्यांनी हिशेब लावून पाहिला. अशा घरात माणूस जे काही वाईट बोलेल ते खरं होणारच, त्यात जीभ काळी असायचं काय कारण? आजाऱ्याला खोकला येईल म्हणून सांगणारा वैद्य थोडाच ठरतो. आणि फरशी? फरशी तापते, फुगते, टक् करते. खालून पोकळ आहे, तर करणारच. एवढं साधं आहे.

साधं होतं, तर झोप यायला हवी होती.

३

दुपारी सगळे आडवे झाले की घर वेगळं वाटे. कूलर बंद होई, लाइट जाई, आणि भिंतींच्या आतून बारीक खर्र ऐकू येई, साखर ओतावी तशी. आत काहीतरी सतत खाली जात होतं. सिलतऱ्याच्या कारखान्यांची काळी धूळ खिडकीच्या फटीतून येऊन फरशीवर बसे. सकाळी पुसली तरी दुपारी पाय काळे.

अशाच एका दुपारी चारुभाऊंनी प्लास्टिकची खुर्ची आग्नेय कोपऱ्याजवळ ओढली. घसा साफ केला. माणसाला वेड लागायची सुरुवात अशीच होत असेल, असं त्यांच्या मनात आलं, आणि गंमतही वाटली.

"हे घर लय मजबूत आहे."

काही नाही.

"प्रमोदिनी मले सोडून भिलाईले पळून जाणार."

काही नाही. चारुभाऊंना थोडं बरं वाटलं. पण मग लक्षात आलं: हे तर अभद्रच बोललो की. तथास्तु म्हणणारा असता, तर यावरही म्हणाला असता.

त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. नवीन दाराची चौकट, वर चकचकीत पॉलिश.

"चौकट आतून खाल्लेली आहे."

टक्.

चारुभाऊ उठले. काडेपेटीतली काडी चौकटीला टोचली. काडी गुलापर्यंत आत गेली, लोण्यात जावी तशी. बाहेर काढली तर तिला पिठासारखा भुगा चिकटला होता.

त्यांनी भुगा चिमटीत चोळून पाहिला. हसू आलं नाही. आयुष्यभर लोकांच्या बोलण्यातली खोट त्यांनी शोधली होती, ही शोधता येईना. कोपऱ्यातला कोणी काही घडवत नव्हता. वर मागत नव्हता, देत नव्हता. तो फक्त हो म्हणत होता. त्याला दिसत होतं, आणि जे दिसत होतं त्याला तो हो म्हणत होता. पालथा असता तर त्याच्या डोळ्यापुढं माती असती. आपणच त्याचं तोंड वर केलं होतं. आपणच त्याला म्हटलं होतं, पाहून घे.

मग त्यांना फरशीच्या सांध्यात पांढरं काही दिसलं. ओणवे झाले. कोंब होते, गव्हाचे असतील, जवाचे असतील. खालच्या सात धान्यांना ओल लागली असणार. बाथरूमचं पाणी कुठं मुरतं ते समजलंच. यात नवल काही नाही.

कोंब उजेडाकडं वळतात. खिडकी डावीकडं होती. हे सगळे उजवीकडं, हॉलच्या मधोमध वळलेले होते. आणि तिथं उजेड नव्हता. तिथं फक्त वर छताला दोन लोखंडी कड्या होत्या.

४

त्या कड्या झोपाळ्याच्या होत्या. बिल्डरच्या जाहिरातीत झोपाळ्यावर बसलेली हसरी बाई होती, म्हणून प्रत्येक घराच्या हॉलमध्ये कड्या दिल्या होत्या. आणि प्रमोदिनीबाईंनी शर्मिष्ठाच्या डोहाळजेवणाला झोपाळाच बांधायचा ठरवला होता. पहिलं नातवंड. हिरवी साडी, फुलांचे दागिने, झोपाळ्यावर सून, भोवती ब्राह्मणपाऱ्यातल्या सगळ्या बाया. फोन कधीच झाले होते.

चारुभाऊंनी विचारायचं नाही असं ठरवलं होतं. पण खाज ती खाजच.

"झोपाळा पेलते का हे छत?" त्यांनी पुटपुटत विचारलं.

काही नाही. सुटल्यासारखं वाटून ते वळले, आणि मग त्यांना भान आलं की आपण प्रश्न विचारला होता. हा प्रश्नाला उत्तर देत नाही. हा फक्त खऱ्याला हो म्हणतो. त्यांनी ओठ ओले केले.

"छत पेलत नाही."

टक्.

त्याच संध्याकाळी जेवताना ते बोलले. "झोपाळा नको बांधू प्रमोदिनी. छत येते खाली."

"पाहा, चालू झालं यांचं!" प्रमोदिनीबाई म्हणाल्या.

"बाबा, प्लीज़. इस बार नहीं."

"मी मजाक नाही करून राहिलो."

"मास्तरांच्या तेरवीच्या वेळीही तुम्ही असंच तोंड केलं होतं," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. शर्मिष्ठा घास तोंडात असताना इतकी हसली की तिला ठसका लागला. चारुभाऊंनी सगळ्यांकडं आळीपाळीनं पाहिलं. खरं सांगतानाचं तोंड कसं करतात, ते त्यांना येत नव्हतं. कधी लागलंच नव्हतं.

तरी सौमित्र भला मुलगा. त्यानं बिल्डरच्या साइट ऑफिसातून अनिमेषला बोलावलं. अनिमेष म्हणजे इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेन आणि तोंडावर कायम बड्डेचं हसू. त्यानं छताकडं पाहिलं. कड्यांभोवती केसाएवढी रेघ होती.

"अंकलजी, ये तो पेंट का क्रैक है. नया मकान साँस लेता है."

"घर श्वास घेऊन राहिलंय म्हणतो! अन् सोडेल कधी?"

अनिमेष मोकळेपणानं हसला. "पूरी बारात बिठा दो झूले पे. मेरी गारंटी."

"मग बस न भैया. इथं, कडीखाली. चहा आणते सूनबाई."

अनिमेषनं चहा घेतला. हव-हव म्हणत, होकाराच्या माना डोलवत बराच वेळ गप्पाही मारल्या. पण बसण्याआधी त्यानं खुर्ची उचलली आणि सहज, काहीच मनात नसल्यासारखी, भिंतीपाशी नेली. चारुभाऊंशिवाय ते कोणी पाहिलं नाही. त्याला कोपऱ्यातला टक् ऐकू येत नसणार. त्याला न ऐकताच माहीत होतं.

५

डोहाळजेवणाच्या सकाळी बायका पुरणाच्या गडबडीत होत्या. सौमित्र झोपाळा बांधून, त्याला झेंडू गुंडाळून फुलवाल्याकडं गेला होता. हॉल रिकामा होता. चारुभाऊ गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी फरशी नखानं उचलली.

काय करायचं होतं त्यांना? छत पक्कं करता येणार नव्हतं. घर बदलता येणार नव्हतं. पण पाहणाऱ्याचं तोंड फिरवता येणार होतं. तो पालथा झाला की पाहणार नाही, पाहणार नाही तर हो म्हणणार नाही, आणि हो म्हटलं नाही तर कदाचित तसं नसेलही. विचार तसा पोरकटच. पण हसू नका. सोसायटीच्या मीटिंगमध्ये बसलेली शिकलीसवरली माणसं दर महिन्याला हाच विचार करून चहा पिऊन उठत होती.

कोंब फरशीबरोबर उचलले गेले. मुळं लांब होती, फार लांब, ओढली तरी संपेनात. खाली हात घातला. कोपरापर्यंत, मग खांद्यापर्यंत. तळ लागला नाही. गाल फरशीवर टेकवून त्यांनी मोबाईलची बॅटरी आत धरली.

खड्डा राहिला नव्हता. हॉलच्या खालून पलीकडं सगळं रिकामं होतं. माती कुठं गेली होती कोण जाणे. घर फरशांवर उभं होतं, आणि फरशा एकमेकींना धरून होत्या. उजेड जाईल तिथवर पोकळीच होती, आणि तिच्यातून खर्र आवाज येत होता, साखर ओतावी तसा.

डबी एका वाळूच्या उंचवट्यावर होती, हात पुरेल त्याच्या जरा पलीकडं. उघडी.

तांब्याची ती बोटाएवढी मूर्ती पालथी होती.

चारुभाऊंनी डोळे मिटले, उघडले. आपण उताणी ठेवली होती. पक्कं उताणी, तेवढ्यासाठी तर सगळी गंमत होती. डबी हलली असेल, पाणी आलं असेल, उंदीर असेल. उंदीर मूर्ती उलटी करू शकतो. मूर्तीचे हात छातीशी जोडलेले होते, हेही त्यांना चांगलं आठवत होतं. आता वरून पाठ दिसत होती आणि डोकं. हात छातीखाली असते तर दिसायला नको होते. पण डोक्याच्या दोन्ही बाजूंना काहीतरी होतं, लहान, वाकलेलं, कोणी तोंड झाकून घ्यावं तसं.

मोबाईल हातातून सुटला. तो पडल्याचा आवाज आला नाही.

त्यांनी फरशी जागेवर ठेवली आणि तिच्यावर तळहात दाबून बसून राहिले. "छत पेलत नाही," ते हळूच म्हणाले. कोपरा गप्प होता. ज्याला सगळं पाहायला लावलं होतं, त्यानं आता तोंड फिरवलं होतं. यापुढं हो म्हणायला कोणी नव्हतं. जे काही होतं ते आता एकट्या चारुभाऊंना माहीत होतं, आणि त्यांच्यावर विश्वास ठेवणारं माणूस अख्ख्या रायपुरात नव्हतं.

खोटं मात्र त्यांना उत्तम जमत होतं.

६

ब्राह्मणपाऱ्याच्या बाया ई-रिक्शांतून उतरल्या आणि हॉलमध्ये शिरल्या, तेव्हा झोपाळ्यावर बाई आधीच बसलेली होती. हिरवं लुगडं, कपाळावर मोगऱ्याची बिंदी, दंडावर फुलांचे वाकी-बाजूबंद, पदर दोन्ही हातांनी ओटीसारखा पसरलेला, आणि ओठांवर पांढऱ्या मिश्या.

"अगं बाई! चारुभाऊ!"

हॉलमध्ये जी हसण्याची लाट उठली, ती पार गेटवरच्या हत्तीपर्यंत गेली असेल. खरी डोहाळकरीण आतल्या दारात पोट धरून हसत होती. प्रमोदिनीबाईंनी कपाळावर हात मारला. "उठा! पोरीचे दागिने आहेत ते!"

"नाही उठत. मलेही दिवस गेलेत," चारुभाऊ लाजत म्हणाले. "अन् मले डोहाळे लागलेत."

"कशाचे गं डोहाळे, चारुताई?" एका वहिनीनं सुरात सूर मिळवला.

"बाहेरच्या बगिच्यातल्या जेवणाचे! कडुनिंबाखाली पंगत. सगळ्या बाया, सगळी पोरं, माही सूनही. कोणी आत नाही थांबायचं. बाईचे डोहाळे पुरवले नाहीत तर लेकरू लाळ गाळते, माहीत आहे न?"

डोहाळ्याला नाही कोण म्हणणार? मिश्यावाल्या बाईच्या डोहाळ्यालाही नाही. टाळ्या पिटत, गाणं म्हणत बायांनी पातेली उचलली, सतरंज्या उचलल्या. सौमित्र "बाबा, आप भी ना" म्हणत खुर्च्या घेऊन गेला. शर्मिष्ठाला दोघींनी हाताला धरून बाहेर नेलं. प्रमोदिनीबाई सगळ्यात शेवटी गेल्या. दारात वळून त्यांनी नवऱ्याकडं पाहिलं. रागानं पाहायचं होतं, पण हसू आलं.

"पुरणपोळी पाठवते तुमची. तोवर उठा."

"उठतो उठतो."

पण ते उठले नाहीत. ते उठले की झोपाळा रिकामा होणार होता, आणि रिकाम्या झोपाळ्यावर कोणाला बसवायचं हे तर ठरलेलंच होतं. बाहेरून गाण्याचे सूर येत होते. हॉलमध्ये मोगऱ्याचा आणि ओल्या राखेचा वास होता. चारुभाऊ पाय टेकवून, झोपाळा जराही हलू न देता बसून राहिले. आयुष्यात ते इतका वेळ कधी गप्प बसले नव्हते.

पसरलेल्या पदरात चिमूटभर वाळू पडली.

त्यांनी वर पाहिलं नाही. पुन्हा पडली, आता मूठभर, कोमट, आवाज न करता, सवाष्णीनं ओटी भरावी तशी. वाळूत काहीतरी फिकट दिसलं म्हणून त्यांनी ते बोटांनी उचललं. गव्हाचा दाणा होता. कोंब फुटलेला, लांब पांढरं मूळ लोंबत असलेला.

हे तर कोपऱ्यात जमिनीखाली पेरलेलं होतं.

"बाबा!" दारात शर्मिष्ठा उभी होती, हातात वाढलेलं पान, नाकावर घामाचे थेंब. "पोळी गरम आहे. अब बस हुआ ना, चला. सगळे थांबलेत तुमच्यासाठी." तिचा एक पाय उंबऱ्याच्या आत आला होता.

"तिथंच थांब, पोरी."

ती सवयीनं हसली.

"पाय मागं घे. अन् सौमित्रले सांग, आत कोणी यायचं नाही. सासूलेही नाही. मी बोलावलं तरी नाही."

टक्.

आवाज कोपऱ्यातून आला नव्हता. वरून आला होता, कड्यांच्या मधून, अगदी चारुभाऊंच्या टाळूवरून. आणि शर्मिष्ठाच्या तोंडावरचं हसू जिथल्या तिथं थांबलं, म्हणजे तिनंही तो ऐकला होता. तिनं छताकडं पाहिलं. मग हिरव्या लुगड्यातल्या त्या म्हाताऱ्याकडं पाहिलं, त्याच्या पदरातल्या वाळूकडं. तिला काय दिसलं कोण जाणे. तिनं पाय मागं घेतला.

"शाबास," चारुभाऊ म्हणाले. इतक्या वर्षांत कोणीतरी त्यांचं बोलणं खरं मानलं होतं.

झोपाळा हलू नये म्हणून त्यांनी दोन्ही पाय जमिनीवर घट्ट रोवले. पायांखालची फरशी उशीसारखी थोडी आत गेली आणि वाट पाहू लागली.